भिंतीवरच्या कॅलेंडरपासून रॅडिकेलपर्यंत: सहा आठवड्यांची नोंदवही

पहिला आठवडा

मामांची जळगावला एजन्सी आहे. पाणबुडी मोटारी, स्टार्टर, ठिबकचं सामान, आणि अलीकडे सौर पंप. ऑफिसात मामा धरून तिघं, फिरतीवर सहा जण. चोपडा, यावल, अमळनेरपासून थेट शहादा-धडगावपर्यंत. या नऊ जणांचं सामाईक कॅलेंडर आजवर एकच: काउंटरमागच्या भिंतीवरचं तिथीवालं. चौकोनात निळ्या पेनाने गाव आणि शेतकऱ्याचं आडनाव, जागा संपली की बाण काढून समासात. ऑफिसातली ताई सकाळी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायची. अकरा वाजता चौकोनात खाडाखोड झाली की फोटो शिळा.

मग एक दिवस चोपड्याच्या पुढे एकाच शेतात, एकाच स्टार्टरसाठी, आमची दोन पोरं दोन गाड्यांवर पोहोचली. संध्याकाळी मामांचा फोन: "तुझ्या घरी ते रात्रभर चालणारं यंत्र आहे ना, ते काही कामाचं आहे का रे?"

गूगल कॅलेंडरवर हे अर्ध्या तासात उरकलं असतं, हे आधीच कबूल करतो. पण विचारलं होतं यंत्राबद्दल. आणि यंत्र माझं, म्हणजे हौसही माझीच.

नेक्स्टक्लाउड लावून पाहिलं, म्हणजे फाइली, कॅलेंडर सगळं आपल्याच यंत्रावर ठेवणारं सॉफ्टवेअर. चांगलं आहे, पण मला फक्त कॅलेंडर हवं होतं. पाहुणे दोन आणि मांडव गावभर, असं झालं. बायकल हे कॅलेंडरच्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर पीएचपी या भाषेवर चालतं, तेही सुटसुटीत. शेवटी रॅडिकेल घेतलं, तेही कॅलेंडरच्या सर्व्हरचंच सॉफ्टवेअर. पायथनमध्ये लिहिलेलं, डेटाबेस नाही, एक नोंद म्हणजे एक फाइल. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर आत सगळं वाचता येतं. नोंद लिहायचा हा साचा म्हणजे आयकॅलेंडर, १९९८ चा; २००९ मध्ये आरएफसी ५५४५ म्हणून नव्याने लिहिला गेला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांकवार कागदपत्रं). त्याची सर्व्हरवरून देवाणघेवाण करायची पद्धत म्हणजे कॅलडॅव्ह, आरएफसी ४७९१, साल २००७. जुनी पद्धत, म्हणूनच सगळीकडे चालते.

कॅलडॅव्हच का, वेबपान का नाही? शहाद्याच्या पुढे सातपुड्याचा घाट लागला की फोनची रेंज जाते. वेबपान तिथे पांढरं फटक. कॅलडॅव्हमध्ये अख्खं कॅलेंडर फोनमध्येच उतरलेलं असतं. रेंज आली की सर्व्हरशी जुळवून घेतं. पुढची सगळी डोकेदुखीही याच गुणामुळे झाली.

दुसरा आठवडा

घरचं ते यंत्र म्हणजे रास्पबेरी पाय ४, तळहाताएवढा कम्प्युटर. तो ऑफिसात आणून त्यावर रॅडिकेल चढवलं. पोर्ट ५२३२, पासवर्ड एचटीपासवर्ड फाइलमध्ये, बीक्रिप्टने गुप्त करून. वीस मिनिटं. पुढचे दोन तास हक्कांच्या फाइलने खाल्ले.

रॅडिकेलमध्ये वाचायचा हक्क आर, लिहायचा डब्ल्यू. पण कॅपिटल अक्षर चालतं बाहेरच्या फोल्डरला, आणि प्रत्यक्ष कॅलेंडरला लागतं स्मॉल. मी ठोकून कॅपिटल डब्ल्यू लिहिलं होतं. फोनला कॅलेंडर दिसेना, लॉगमध्ये फक्त नकार. कुणी या वाटेने जाणार असेल तर दोन्ही ओळी लिहा आणि माझे दोन तास वाचवा. म्हणजे तुमचे.

दुसरी गोम अशी की फोनला फक्त स्वतःच्या नावाखालची कॅलेंडरं सापडतात. दुसऱ्याचं दाखवायचं तर त्याच्या फोल्डरची सिमलिंक, म्हणजे शॉर्टकटसारखा दुवा, आपल्या फोल्डरात ठेवायची. थोडं जुगाडू वाटतं, पण चालतं, आणि हक्क माणसागणिक वेगळे लिहिता येतात. मी मात्र सगळ्यांना सगळीकडे लिहायची मुभा दिली. घरचीच माणसं, म्हटलं, कुलपं कशाला.

स्टोरेजच्या फोल्डरला गिटचा हूकही लावला; गिट म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम. कुणीही नोंद बदलली की बदल करणाऱ्याच्या नावासकट कमिट, म्हणजे त्या बदलाची पावती, पडतो.

तिसरा आठवडा

ऑफिसच्या फायबरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, म्हणजे बाहेरचा फोन थेट पायपर्यंत पोहोचत नाही. कंपनी कितीतरी गिऱ्हाइकांना एकाच पत्त्याआड बसवते. पोर्ट उघडून उपयोग शून्य. म्हणून टेलस्केल लावलं, फोन आणि सर्व्हर खाजगी बोगद्याने जोडणारी व्हीपीएन; आत वायरगार्डचंच तंत्र. माझ्या फोनवर झकास. पोरांच्या फोनवर तीन दिवसांत बंद. कुणाला बॅटरी खातो असं वाटलं, कुणाला वरची किल्लीची खूण पाहून फोन हॅक झाल्यासारखं. मी पटवत बसलो नाही. फिरतीवरच्या माणसाला रोज एक जास्तीचं बटण दाबायला लावलं तर ते दाबलं जाणार नाही, यात त्याची चूक नाही.

एक छोटा व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा सर्व्हर, भाड्याने घेतला, पुढे कॅडी हे वेब-सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवलं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र ते आपलं आपण आणतं आणि नव्वद दिवस भरायच्या आत बदलतंही. स्थलांतर म्हणजे एक फोल्डर कॉपी केला. डेटाबेस नसल्याचं सुख इथे कळलं.

पायला आता रोज रात्री बॅकअप ओढायचं काम. त्याचंही रामायण झालं. पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळ नाही. वीज गेली, आली, राउटर उठायच्या आत पाय उठला, आणि बॅकअपच्या फोल्डरला आदल्या दिवशीचीच तारीख पडली. आदल्या दिवसाचा बॅकअप गेला. शिवाय तो यूपीएसच्या डोक्यावर ठेवला होता. जळगावच्या उन्हाळ्यात, बंद ऑफिसात, दुपारी. ८० अंशांवर हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, ते मी वाचलं होतं; आता पाहिलं. हलवून माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवला. (माठाच्या शेजारी, खाली नाही.)

चौथा आठवडा

भिंतीवरच्या चौकोनांतल्या पुढच्या महिन्याच्या नोंदी ताईने एक्सेलमध्ये उतरवल्या, मी पायथनने त्यांच्या आयसीएस, म्हणजे आयकॅलेंडरच्या, फाइली केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांचा फोन. आप्पा आमचे सगळ्यांत जुने मेकॅनिक, शिंदखेड्याकडचे.

"भाऊ, ताई म्हने नऊ वाजता जा. मन्हा मोबाईलमा तं दुपारना अडीच दखाडस."

नऊ आणि अडीच. साडेपाच तास. ऐकल्याबरोबर कळलं. वेळेच्या शेवटी मी झेड लिहिला होता, म्हणजे जागतिक वेळ. फोनने इमानदारीने भारतीय वेळ करून दाखवली. झेड काढून एशिया/कोलकाता हा टाइमझोन लिहिला, फाइली पुन्हा चढवल्या. तोवर दोघं जण दुपारच्या हिशेबाने निवांत घरी होते.

खरा धडा त्याच आठवड्यातल्या बुधवारी. आप्पा धडगावकडे. शेतकरी तालुक्याला गेलेला, म्हणून त्यांनी फोनवरच ती व्हिजिट उद्यावर सरकवली. रेंज नव्हती, बदल फोनमध्येच थांबला. इकडे ताईने त्याच नोंदीत शेतकऱ्याचा नवा फोन नंबर घातला. संध्याकाळी आप्पा शहाद्यात उतरले, फोन जुळला, आणि त्यांचा बदल गायब. व्हिजिट पुन्हा आजच्याच तारखेवर.

आप्पांना वाटलं, ताईने पुसलं. ताईला वाटलं, आप्पांनी केलंच नव्हतं. गिटमध्ये पाहिलं तर ताईचा कमिट होता, आप्पांचा नव्हताच. दोघंही खरं बोलत होते. प्रत्येक नोंदीला सर्व्हर एक ईटॅग देतो, आवृत्तीचा शिक्का म्हणा. फोन बदल पाठवताना आपल्याकडचा शिक्का सांगतो. मधल्या वेळात शिक्का बदललेला असेल तर सर्व्हर ४१२ म्हणून परत पाठवतो, आणि पोरांच्या फोनमधलं डॅवएक्स५, म्हणजे फोनचं कॅलेंडर सर्व्हरशी जुळवणारं ॲप, अशा वेळी सर्व्हरची प्रत खरी धरतं. नियम बरोबर आहे. माझी मांडणी चुकली होती.

शनिवारी बसून हक्क नव्याने लिहिले. ऑफिसचं कॅलेंडर 'नेमणूक': लिहिणार फक्त ऑफिस, बाकी सगळे वाचणार. प्रत्येक फिरतीवाल्याचं स्वतःचं एक: त्यात तोच लिहिणार, ऑफिसही फक्त वाचणार. व्हिजिट सरकली तर आप्पांनी नेमणुकीला हात लावायचा नाही, स्वतःच्या कॅलेंडरात उद्याची नोंद करायची. ताई ती पाहून नेमणूक हलवते. एका नोंदीला एकच हात. तेव्हापासून लॉगमध्ये ४१२ आलेला नाही.

पाचवा आठवडा

फोनच्या सेटिंगची किरकिर थोडक्यात: डॅवएक्स५ ला बॅटरी बचतीतून वगळा, ऑटोस्टार्ट द्या, सिंक दर पंधरा मिनिटांनी. त्याहून कमी अंतर मिळत नाही. गेल्या वर्षीची नोंद दिसत नाही अशी तक्रार आली तर घाबरू नका, ते मूळ सेटिंगमध्ये मागचे नव्वदच दिवस ठेवतं. एफ-ड्रॉइड या ॲपच्या दुकानात फुकट आहे, प्ले स्टोअरवर पैसे पडतात. मामेभावाच्या आयफोनला काहीच लावावं लागलं नाही, ऑफिसच्या पीसीवर थंडरबर्ड, हा मेल-कॅलेंडरचा प्रोग्रॅम.

मजा आली ती पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदींत. गावोगावचे आठवडी बाजार एका वेगळ्या कॅलेंडरात घातले, कारण बाजाराच्या दिवशी शेतकरी शेतावर सापडत नाही. हे आररूलला, म्हणजे आयकॅलेंडरमधल्या पुनरावृत्तीच्या नियमाला, सोपं: दर आठवड्याला, अमुक वार. कृषी फीडरच्या पाळ्याही तशाच. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. वीज नसताना मोटार तपासायला पोहोचलेला मेकॅनिक बांधावर बसून काय करणार? मामा हे सगळं डोक्यात ठेवायचे. आता पाळी बदलली की ताई एक नोंद बदलते आणि पुढचे सगळे आठवडे हलतात.

आररूल अडलं ते आखाजीला. खान्देशात आखाजीला कामावर कोण येतं? २०२४ ला अक्षय तृतीया १० मे, २०२५ ला ३० एप्रिल. 'दर वर्षी' म्हणून चालत नाही, आणि 'वैशाख शुद्ध तृतीया' आररूलला कळत नाही. इतर कालगणनांसाठी आरएफसी ७५२९ आहे, २०१५ ची, पण आपल्या तिथींचा तिथे उपयोग नाही. आखाजी, पोळा, कानबाई तिन्ही भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहून हाताने भरल्या. त्यातही आखाजी पहिल्यांदा दोन दिवसांची झाली. पूर्ण दिवसाच्या नोंदीत शेवटची तारीख धरायची नसते, तिच्या आदल्या दिवशी सुटी संपते. मी एक दिवस पुढची लिहायची ती दोन दिवस पुढची लिहिली. पोरांनी यावर एकही तक्रार केली नाही.

सहावा आठवडा

मामांना फोनवर कॅलेंडर नको. "मला सगळे एका नजरेत दिसले पाहिजेत." म्हणून सात वाजता एक स्क्रिप्ट उद्याच्या नेमणुका आणि सहाही जणांच्या नोंदी एका कागदावर छापते. कागद तिथीच्या कॅलेंडरखाली टाचणीने लागतो. मामा त्यावर निळ्या पेनाने लिहितात आणि ताई ते पुन्हा थंडरबर्डमध्ये घालते. या वर्तुळावर मला उपाय सापडलेला नाही, शोधतही नाही.

आप्पांनी परवा आपणहून पहिली नोंद केली. वरती केलेली, शहाद्यात उतरल्यावर सर्व्हरवर आली: "धडगाव. नेट नही. मोटार चालू."

बाकी राहिलं: पायला घड्याळ. पाय ५ मध्ये ते आतच असतं, वेगळी बॅटरी जोडायची सोयही आहे, पण फक्त बॅकअपसाठी नवा पाय घेणं मामांना कोणत्या तोंडाने सांगू. तूर्त ४ ला बाहेरून घड्याळाचं मॉड्यूल लावून पाहतो.