पहाटेचं म्याव-म्याव : चौथ्या आठवड्याची नोंद

देशी बोका, वय ३, नसबंदी झालेली, घरातच राहणारा. पहाटे साडेचारपासून बेडरूमच्या दाराशी सलग ओरडणं.

सुरुवातीला तब्येत. बोका ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतो, जोर लावतो आणि थेंबभरच लघवी होते, असं असेल तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. सकाळची वाट न बघता रात्रीच डॉक्टर गाठायचा. दहा वर्षांच्या पुढची मांजर भरपूर खाऊनही वाळतेय आणि रात्री भसाड्या आवाजात ओरडतेय, तर थायरॉइड (रक्तातलं टी-४ हार्मोन), किडनी आणि रक्तदाब तपासून घ्यायचे. नसबंदी न झालेली मादी पोट जमिनीला टेकवून, मागचा भाग उचलून, शेपूट बाजूला करून ओरडत असेल तर ती माजावर आहे. तिथे खेळ-खाऊ काही चालत नाही, नसबंदीच करावी लागते. या बोक्याचं सगळं ठीक निघालं.

आठवडा १. फक्त वही. वेळ, किती मिनिटं, आधी काय घडलं, नंतर माणसाने काय केलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक गाळतात. सातपैकी पाच पहाटे कुणीतरी उठून वाटी भरली होती. मोठी मांजरं आपसात फारशी म्याव करत नाहीत; तो आवाज माणसांसाठी, आणि इथे तो चांगलाच लागू पडत होता.

आठवडा २. रात्री साडेदहाला काठी-दोरीने १५ मिनिटं खेळ, शेवटी दोरी पकडू द्यायची, लगेच दिवसाच्या खाण्याचा तिसरा हिस्सा. लेझर नको: ठिपका हाती लागत नाही, तगमग उरते. टायमरचा फीडर हॉलमध्ये, ४:१५ ला १० ग्रॅम. ओरडण्याच्या *आधी*, कारण पावणेपाचला लावला तर ओरडल्याचंच बक्षीस मिळतं. पावसाळी हवेत दाणे सादळून फीडरच्या चाकात अडकले. आता टाकीत तीन दिवसांपुरतंच भरायचं. मुंग्यांसाठी वाटीखाली पाण्याची ताटली.

आठवडा ३. ओरडणं २० मिनिटांवरून ३५ वर! हे व्हायचंच होतं. जुनी युक्ती चालेना की बोका आधी जोर वाढवतो. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. पस्तिसाव्या मिनिटाला दार उघडलं, तर पस्तीस मिनिटं ओरडावं लागतं एवढंच तो शिकेल. ‘गप रे’ म्हणणंही उत्तरच. पाणी उडवू नका. मांजर माणसाला बिचकते, ओरडणं तसंच राहतं.

आठवडा ४. पाच मिनिटं, तीही फीडरपाशी. सलग तीन पहाटे शांत गेल्या की वेळ १५ मिनिटं पुढे, सहापर्यंत. सध्या ४:३०. फीडरमध्ये सेलही घातलेत. काल रात्री वीज गेली होती, तरी दाणे वेळेवर पडले.