अडकलेले रूट : बीकनच्या घड्याळापर्यंत

बीजीपी म्हणजे इंटरनेटवरची नेटवर्कं एकमेकांना वाटा कळवतात ती पद्धत. तिच्या संदेशांच्या नोंदी ज्यांत असतात त्या एमआरटी फायली उलगडण्याचं काम मार्गी लागलं, म्हणून आता रिसच्या बीकनांकडे वळलो आहे. विषय एकच : मागे घेतलेला रूट, म्हणजे ‘या पत्त्यांकडे इथून जा’ ही सूचना, कुठे कुठे अडकून राहतो?

नव्याने आलेल्यांसाठी थोडं. राइप एनसीसी या आयपी पत्ते वाटणाऱ्या संस्थेची रिस ही सेवा १९९९ पासून बीजीपीचे संदेश साठवते आहे. ठिकठिकाणचे कलेक्टर (संदेश गोळा करणारी यंत्रं), दर ५ मिनिटांनी अपडेटची फाइल, दर ८ तासांनी त्या क्षणीच्या सगळ्या रूटांचं पूर्ण टेबल. कुणीही उतरवून घ्यावं, पैसे नाहीत. ओरेगॉन विद्यापीठाच्या राउटव्ह्यूजचाही असाच खजिना आहे, तिथे अपडेट १५ मिनिटांनी आणि टेबल दर २ तासांनी.

रिस आपल्या एएस १२६५४ मधून (एएस म्हणजे स्वतःचा क्रमांक असलेलं नेटवर्क) काही प्रीफिक्स, म्हणजे आयपी पत्त्यांचे गट, मुद्दाम जाहीर करते आणि मागे घेते, तेच बीकन. यूटीसी ० वाजता जाहीर, २ वाजता मागे, ४ ला परत जाहीर, असं दिवसभर. कधी काय दिसायला हवं ते आधीच ठाऊक असल्यामुळे जे दिसू नये ते पकडता येतं.

सध्या ८४.२०५.६४.०/२४ वर डोळा ठेवून आहे. रूट मागे घेतल्याबरोबर सगळे पीअर (कलेक्टरला आपले रूट कळवणारी नेटवर्कं) ‘गेला’ म्हणत नाहीत. आधी दुसरीकडून ऐकलेला लांबचा पाथ पुढे करतात, मग त्याहून लांबचा, आणि पर्याय संपले की एकदाचा विथड्रॉ, म्हणजे रूट मागे घेतल्याचा संदेश, येतो. ओळीओळीने एएस पाथ (वाटेतल्या एएसची यादी) लांबत जाताना बघणं हा निव्वळ वेळ घालवण्याचा प्रकार आहे, पण मला आवडतो. ही धावपळ काही मिनिटांत संपते. त्यानंतरही जो रूट टिकून आहे तो संशयित. मी दीड तासाची मुदत धरली आहे, म्हणजे पुढच्या जाहीर होण्याआधी अर्धा तास हातात राहतो.

खरी गंमत घोषणेच्या संदेशातल्या अ‍ॅग्रिगेटरच्या खान्यात आहे. तिथला आयपी पत्ता १० ने सुरू होतो आणि उरलेल्या २४ बिटांत महिना सुरू झाल्यापासूनचे सेकंद असतात. समजा १०.१९.२९.१९२ दिसला. १९ गुणिले ६५५३६, अधिक २९ गुणिले २५६, अधिक १९२ : झाले १२५२८००. म्हणजे १५ तारखेची दुपारी १२ ची घोषणा. पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यासारखं हे. दुपारी साडेतीनला हा रूट टेबलात असेल तर तो याच फेरीत अडकला. शिक्का सकाळी ८ चा निघाला तर तो जुनाच पाहुणा, त्याला नवा म्हणून मोजायचं नाही. हे घड्याळ न वाचता काढलेल्या आकड्यांवर माझा तरी विश्वास बसणार नाही.

दुसरी गाळणी सेशनची. पीअर आणि कलेक्टर यांच्यातलं सेशन (बीजीपीची जोडणी) नेमकं विथड्रॉच्या आधी तुटलं, तर तो विथड्रॉ आपल्यापर्यंत येतच नाही. सेशन पुन्हा जुळल्यावर पीअर आपलं टेबल पाठवतो, त्यात तो प्रीफिक्स नसतो. पण नसलेल्या गोष्टीचा वेगळा संदेश कोण पाठवणार? तेव्हा अपडेटच्या फाइलीत स्टेट बदलल्याची नोंद आली की त्या पीअरचे सगळे रूट आपल्या टेबलातून पुसायचे. हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळला तर सगळीकडे भुतं दिसतील.

अडकलेला रूट नुसता टेबलात आहे की पॅकेटही त्या वाटेने जातात, हे अ‍ॅटलसवरून (राइपचं मोजमापाचं जाळं) बघतोय. त्यातलं छोटं उपकरण, म्हणजे प्रोब, चालू ठेवल्याचे क्रेडिट साठले आहेत, ते इथे खर्च. संशयित एएसमध्ये प्रोब असेल तर विथड्रॉच्या काळात ट्रेसरूट (पॅकेट कुठल्या राउटरांतून जातं ते दाखवणारी चाचणी) सोडायचा. रूट खरंच गेला असेल तर ज्या राउटरकडे वाट नाही तिथेच पॅकेट थांबतं. अडकला असेल तर पुढे जातं, कधी दोन राउटरांमध्ये घिरट्या घालतं. मात्र प्रत्येक एएसमध्ये प्रोब मिळत नाही, त्यामुळे ही पडताळणी अर्धवटच राहणार.

आयपीव्ही६ चे बीकन अजून जोडायचे आहेत. त्याआधी, जे एएस रिस आणि राउटव्ह्यूज दोन्हींना टेबल देतात त्यांची यादी करतोय. अडकलेला रूट दोन्हीकडे दिसला तर दोष बहुधा नेटवर्कात. एकीकडेच दिसला तर आधी तिथलं सेशन तपासायचं. अशी यादी कुणी आधीच केली असेल तर द्या, माझे दोन रविवार वाचतील.