तुम्ही विचारलंत म्हणून: साठीच्या तोंडावर पौरोहित्य शिकून काय मिळालं?

"काकू, पेन्शन आहे ना तुम्हाला, मग या वयात हे कशाला?" वास्तुशांत असो की लग्न, पानं वाढून होईपर्यंत कुणीतरी हे विचारतंच. सोसायटीत विचारतात, भाचरं विचारतात, गेल्या भाऊबीजेला दादानंही विचारलं, "तुला मिळतं काय गं यातून?" मी म्हटलं, वेळ छान जातो. ते खोटं होतं, तेव्हापासून सलतंय, म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी पैशांचं. दक्षिणा घेते, हो. यजमान देतील ती घेते आणि फुकट केलं असतं तर मी जास्त चांगली ठरले असते असं मला वाटत नाही. पुण्य लागावं म्हणूनही करत नाही. आणि आपल्या पुण्यात बाई पुरोहित ही काही नवलाई नाही, शंकरराव थत्त्यांनी बायकांना शिकवायला घेतलं ते १९७० च्या दशकात, ज्ञान प्रबोधिनी संस्थेतल्या बायका कित्येक वर्षं लग्नं, मुंजी, अंत्येष्टी सगळं करतायत. तरी एका घरी लग्नाचं सगळं ठरल्यावर त्यांना कळलं की माझे मिस्टर गेलेत, आणि दुसऱ्या दिवशी मेसेज, आम्ही दुसरे गुरुजी बघितले. असं झालं की दोन दिवस जेवण जात नाही. अजूनही.

खरं कारण आईपासून सुरू होतं. २००८ मध्ये तिला पॅरालिसिस झाला, चार वर्षं ती माझ्याकडे होती, ऑफिस सांभाळून तिचं अंघोळ, डायपर, भरवणं, रात्री कूस बदलणं सगळं मी केलं. गेली तेव्हा दादा नाशिकहून आला, शववाहिका आली, मी चपला घालायला लागले तर म्हणाला, "तू थांब, बायका येत नाहीत, आम्ही येईपर्यंत पाणी तापवून ठेव." वाईट हेतूनं नाही म्हणाला, आमच्याकडे तसंच होतं. मी जिन्याच्या वळणापर्यंत गेले, गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली, मग वर येऊन वहिनीबरोबर फरशी धुतली आणि सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी तापवलं. रडू आलं नाही. मला वाटलं मी खंबीर आहे.

२०१४ ला रिटायर झाले आणि मैत्रिणीला सोबत म्हणून पौरोहित्याच्या क्लासला गेले. संस्कृत मॅट्रिकनंतर हातात धरलं नव्हतं, उदात्त-अनुदात्त, म्हणजे मंत्रातले स्वरांचे चढउतार, जिभेवर बसायला वर्ष गेलं. पण आवडलं.

आता एका अर्ध्या मिनिटाची गोष्ट सांगते. चार वर्षांपूर्वी वैकुंठ स्मशानभूमीत एक अंत्यविधी होता. गेलेल्या आजींना एकच मुलगी, पंचेचाळिशीची, तीच मंत्राग्नी देणार होती. तिचे काका तोंड फिरवून लांब उभे होते, मुलगी करणार आणि बाई सांगणार हे त्यांना पटलेलं नव्हतं. सगळं ठीक चाललं होतं, मी तिच्या हातात तुपाची पळी देणार एवढ्यात तिनं आईच्या कपाळावरचे केस मागे सारले, अगदी हाताच्या सवयीनं, रोज सकाळी सारत असेल तसे, आणि माझं सगळं पुसलं गेलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली ऋचा आहे, सूर्यं चक्षुर्गच्छतु, शंभरदा तरी म्हटलेली, तिचा पहिला शब्द आठवेना. पोथी हातातच होती पण डोळे भरलेले, अक्षर दिसेना. तिथला कर्मचारी दारातून बघायला लागला, पुढची गाडी येऊन थांबली होती, काकाही वळले. माझ्या मनात एकच, आता हे म्हणणार, म्हणून बायकांना आणू नये.

मग मी मराठीतच म्हटलं. तुझे डोळे सूर्याकडे जावोत, श्वास वाऱ्याकडे जावो, आकाशात जा, मातीत जा, पाण्यात जा, झाडापाल्यात राहा. त्या ऋचेत आहे तेच. मुलगी माझ्या मागून म्हणायला लागली, मी सांगितलं नव्हतं तरी. मग संस्कृत आलं. काका काही बोलले नाहीत, जाताना नमस्कारही केला नाही.

क्लासच्या बाईंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तिथं कुणासाठी गेला होतात?" मी अजून त्या प्रश्नापाशीच आहे. त्या मुलीसाठी, असं म्हणायला हवं. पण त्या क्षणी मी माझ्याच आईला पोचवत होते, इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच्या आईच्या आडून. त्यांच्या वेळात मी माझं दुःख घुसवलं. हा त्या घरावर अन्याय झाला, कधीकधी वाटतं झालाच.

आणि तरी मला जे मिळालं ते तिथंच मिळालं. आधी मी मयताच्या घरी दहा मिनिटं बसायचे, "वेळेवर जेवा हं" म्हणायचे आणि चपला शोधायचे. आता बसता येतं. दहाव्याला ओंकारेश्वर मंदिरापाशी किंवा तेराव्याला घरी कुणीतरी हळूच शेजारी येऊन बसतं आणि सांगतं, शेवटी चहा मागत होते हो, डॉक्टर नको म्हणाले म्हणून दिला नाही. नातेवाईकांना सांगत नाहीत ते मला सांगतात. मी काही बोलत नाही, उठूनही जात नाही. एवढंच. पस्तीस वर्षांच्या नोकरीत आणि संसारात मला हे येत नव्हतं.

पन्नाशीतली मी मात्र हे ऐकून घेणार नाही. ती युनियनमधली होती. ती म्हणते, जोतीरावांनी १८७३ मध्ये इथंच सत्यशोधक समाज काढला, पुरोहिताशिवाय लग्नं लावून दाखवली, आणि तू दीडशे वर्षांनी पुरोहित झालीस? मी म्हणते, मग माणूस गेल्यावर घरच्यांनी काय करायचं, फॉर्म भरून घरी जायचं? ती म्हणते, शेजारी बसायला मंत्र कशाला लागतात? तिचं खोडता येत नाही मला. पण फोन आला की पिशवी उचलते.

आता मी वैकुंठातून येते तेव्हा सूनबाई गीझर लावून ठेवते, न सांगता. परवा टॉवेल देताना म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मी येऊ तुमच्याबरोबर?" आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "तू कशाला, तू थांब घरी." तिनं काही म्हटलं नाही. मी बाथरूमचं दार लावून बराच वेळ नळ तसाच सोडून उभी होते.