गोबेरचे २४ रिबाउंड

२०२५ च्या १ मेला सकाळी गल्लीतली पोरं झेंडावंदनाला निघाली होती आणि मी साताऱ्यातल्या माझ्या खोलीत हेडफोन लावून एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधली लेकर्स विरुद्ध मिनेसोटा मॅच बघत होतो. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या घड्याळानं रात्री दहाची मॅच आपल्याकडे सकाळी साडेसातला लागते. बघणं हेच काम. स्क्रीन (साथीदारासाठी विरोधकाच्या वाटेत आडवं उभं राहणं) कोणी लावला, सेंटर (रिंगपाशी खेळणारा उंच गडी) मागं थांबला की माणूस बदलला, चुकलेला बॉल म्हणजे रिबाउंड कोणी घेतला आणि तेव्हा त्याला कोण अडवत होतं, सगळ्याला टॅग लावायचे. ते शेवटचं कॅमेऱ्यात धड दिसत नाही. एकेक क्लिप सहा-सहा वेळा मागं घ्यावी लागते. लोकांना वाटतं, आकडे आपोआप पडतात.

या मॅचची खरी गोष्ट फेब्रुवारीतली. लेकर्सनी अँथनी डेव्हिस डॅलसला देऊन लुका डोन्चिच आणला. लुका स्क्रीनवरून आत शिरला की रिंगपाशी लॉब (उंच टाकलेला पास) झेलणारा उंच गडी हवा, आणि डेव्हिस गेल्यावर तोच उरला नव्हता. म्हणून शार्लटचा सात फुटी मार्क विल्यम्स घ्यायचं ठरलं. बदल्यात डाल्टन नेक्ट, कॅम रेडिश, २०३१ चा पहिल्या फेरीचा पिक (नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमधली पाळी) आणि २०३० च्या पिकची अदलाबदल. २०३१ चा पिक म्हणजे तेव्हा सातवीत असलेलं पोरगं!

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'किंमत जास्त'. विल्यम्स सतत जखमी. नेक्ट नवखा, पण नोव्हेंबरात त्यानं एका मॅचमध्ये नऊ थ्री (लांबून तीन पॉइंटचे बॉल) मारले होते. ते नऊही मीच टॅग केलेले, त्यामुळं जीव अडकला असेल. आमच्यातले एक्सेलवाले माझ्याच बाजूचे. त्यांना प्रत्येक खेळाडू विकायलाच जन्मलाय असं वाटतं.

आण्णा पुसेगावच्या यात्रेत बैल घ्यायला जायचे. शेजाऱ्यानं खिलार खोंडाचे दात बघून घासाघीस सुरू केली की विचारायचे, "घरी उभाय त्याची उंची मोजून आलायस का?" रिपोर्ट लिहिताना मला हे आठवलं नाही.

८ फेब्रुवारीला मेडिकलवरून लेकर्सनी तो सौदा मोडला. ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत ६ तारखेलाच संपलेली, त्यामुळं ट्रेड करून दुसरा सेंटर आणायची वाटही बंद. मी मात्र खूश. दोघांना 'बघा, सांगितलं होतं' असा मेसेजही टाकला.

आणि आता प्लेऑफच्या पहिल्या फेरीतली ही पाचवी मॅच. चौथ्या मॅचमध्ये लेकर्सचा कोच रेडिक यानं खरा सेंटर न घेता तेच पाच जण अख्खा दुसरा हाफ पळवले होते, ते दमलेले दिसतच होते. तरी मिनेसोटानं ४७ थ्री टाकून फक्त सात घातले. असं खेळून कुणी प्लेऑफ जिंकत नाही. पण चुकलेला बॉल उडाला की खाली मिनेसोटाचा सेंटर रूडी गोबेर, आणि त्याच्या अंगाला लागलेला माणूस त्याच्या खांद्याएवढा. माझ्या 'कोण अडवत होतं' या रकान्यात फॉरवर्डची, म्हणजे सेंटरपेक्षा बुटक्यांचीच, नावं पडत होती. २७ पॉइंट, २४ रिबाउंड. मिनेसोटा १०३-९६ नं जिंकलं, आणि सिरीजही ४-१.

विल्यम्स आला असता तर? पाठ धरून बाकावर बसला असता, असंही होऊ शकलं असतं. त्याचे मेडिकलचे कागद मी बघितलेले नाहीत. पण मी किंमत लिहिताना लुकाशेजारी कोण उभं राहणार, याची एक ओळही लिहिली नव्हती.

दुपारी फाईल पाठवली. तपासणीच्या टेबलावरून मेसेज आला, "सर, गोबेरचे रिबाउंड डबल टॅग झालेत का? परत मोजा."

जेवण बाजूला ठेवून मोजले. २४ च होते.