आमची वाटचाल : सोलापूरच्या लिंकवरचा आवाज

पुण्यात आम्ही दोघा भागीदारांनी व्यवसाय सुरू केला, तेव्हा कार्यालयांत केबल टाकणे, रॅक बसवणे आणि स्विच जोडून देणे एवढेच आमचे काम होते. शाखा जोडणाऱ्या लिंकची कामे पुढे ओळखीतून मिळत गेली. मात्र आज ज्या कामासाठी ग्राहक आम्हाला मुद्दाम बोलावतात, ते आम्ही सोलापूरच्या एका गोदामात शिकलो.

ग्राहक औषधांचे घाऊक वितरक होते. पुण्याचे मुख्य कार्यालय आणि सोलापूरचे गोदाम एमपीएलएस लिंकने, म्हणजे दूरसंचार सेवादात्याच्या जाळ्यातून जाणाऱ्या खासगी जोडणीने, जोडलेले होते व दोन्हीकडचे आयपी फोन, म्हणजे आवाज डेटाच्या रूपात पाठवणारे फोन, त्याच लिंकवरून चालत. संध्याकाळी बिलांचा डेटा जाऊ लागला की बोलणे तुटायचे. आमच्या सल्ल्यावरून ग्राहकाने २ एमबीपीएसची (सेकंदाला २० लाख बिट वाहणारी) लिंक ४ एमबीपीएसची करून घेतली, वाढीव भाडे भरले, आणि तरीही आवाज तुटतच राहिला. आमच्या शब्दावर त्यांचा पैसा खर्च झाला होता, याची बोचणी फार मोठी होती.

लिंकवरून डेटा आणि आवाज पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत जातो. फोनच्या पॅकेटांवर ‘आधी सोडा’ असे सांगणारी ईएफची, म्हणजे डीएससीपी ४६ ची, खूण होती आणि राऊटरवर, म्हणजे डेटा लिंकवर सोडणाऱ्या यंत्रावर, त्यांच्यासाठी प्राधान्याची रांगही होती. पण त्या रांगेत कधी कुणी थांबतच नव्हते. लिंक ४ एमबीपीएसची असली, तरी ती १०० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टवर उतरत होती, त्यामुळे राऊटरला गर्दी अशी जाणवतच नव्हती. १० मिलिसेकंदांत तो पोर्ट १५०० बाइटांची ऐंशीच्या आसपास पॅकेटे बाहेर सोडू शकतो; ४ एमबीपीएसच्या हिशेबात तेवढ्या वेळात जेमतेम तीन बसतात. उरलेली पॅकेटे सेवादात्याच्या टोकाला सरसकट टाकून दिली जात. बिलांच्या फाइलचे गळलेले पॅकेट पुन्हा पाठवले जाते, परंतु फोनवरचा गळलेला शब्द मागाहून येऊन उपयोगाचा नसतो.

गर्दी व्हायचीच असेल, तर ती आपल्या राऊटरमध्ये व्हावी, म्हणजे कुणाला आधी सोडायचे हे आपल्या हातात राहते. म्हणून आम्ही सोलापूरच्या पोर्टवर ३.८ एमबीपीएसचा शेपर, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त डेटा रोखून धरणारी सेटिंग, लावला आणि प्राधान्याची रांग त्याच्या पोटात ठेवली. पूर्ण ४ एमबीपीएस न देण्याचे कारण असे की इथरनेटचे काही बाइट शेपरच्या मोजणीत येत नाहीत, आणि व्हॉइसच्या लहान पॅकेटांत तेवढा फरकही महागात पडतो. एका वेळी सोडायचा हप्ता १० मिलिसेकंदांचा, म्हणजे ३८,००० बिटांचा धरला. हप्ता मोठा ठेवला तर तो संपल्यावर व्हॉइसलाही पुढच्या हप्त्याची वाट पाहत ताटकळावे लागते. जी.७११ या आवाजाच्या डिजिटल पद्धतीच्या एका कॉलला इथरनेटसकट सुमारे ८७ केबीपीएस (सेकंदाला ८७ हजार बिट) लागतात, त्यामुळे दहा कॉलांसाठी ९०० केबीपीएस राखले. अकरावा कॉल कार्यालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजवरच अडवला, कारण राखीव जागेपेक्षा जास्त कॉल शिरले तर त्या एकाचाच नव्हे, सर्वांचा आवाज फाटतो.

तपासणीसाठी मोठी फाइल सुरू करून सोलापूरच्या लेखापालांना फोनवर एक ते शंभर अंक मोजायला सांगितले. पुण्यात मी कागदावर खुणा करत होतो. एकही अंक गळला नाही. मग मी मोजू लागलो, तर सत्तावीसनंतर त्यांना थेट एकतीस ऐकू आले. सोलापूरचा शेपर सोलापूरहून निघणारा डेटाच आवरतो; पुण्याची लिंक २० एमबीपीएसची होती आणि तिथून सोलापूरकडे येणाऱ्या लोंढ्याला कुणीच आवरत नव्हते. त्या रात्री पुण्याच्या राऊटरवर सोलापूरसाठी वेगळा शेपर बसवला आणि पुढच्या आठवड्यात लातूर व नांदेडच्या शाखांसाठीही तसेच केले.

आता आमचा माणूस शाखेचे काम सोपवताना फाइल सुरू ठेवून दोन्ही बाजूंनी शंभरापर्यंत अंक मोजून घेतो, आणि खुणांचा तो कागद कामाच्या फाइलला लावूनच ग्राहकाची सही घेतो.