खांडेपार मॉडेल: कमळ पुन्हा फुटलं, दार मात्र फिरलं

गोव्यातल्या खांडेपारच्या कोरीव गुहांचं १:२० मापाचं मॉडेल मी जांभ्यात कोरतोय, आणि त्यातल्या पहिल्या गुहेच्या छतावरचं कमळ गेलं. पाकळ्या उठून दिसायला लागल्या होत्या, तेवढ्यात छिन्नीखाली मातीचा खिसा लागला आणि अर्धं छत हातात आलं. मागच्या वेळी फोटोत दाखवलेली मॉडेलची पहिली गुहा आता नुसत्या दोन उघड्या खोल्या.

दोष जांभ्याच्या जातीचाच. लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांची जाळी, आणि तिच्या पोकळ्यांत मऊ पिवळट माती. खांडेपारच्या खऱ्या छतात बोटभर भोक असलं तरी कमळाचं काही बिघडत नाही. आपण गुहा वीसपट लहान केली, भोक आहे तेवढंच राहिलं. १:२० मध्ये ते फूटभर भगदाड होतं. जांभ्याची पूड चुन्यात कालवून लुकण भरली, ती पाकळीच्या कडेला भुगा होऊन सांडली. एपॉक्सी भरलं, ते दगडाहून घट्ट; छिन्नी त्यावर अडते आणि शेजारची पाकळी उडते.

त्यातल्या त्यात फायदा झाला तो ओल्या चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या ठोकळ्याचा. खाणीतून नुकता निघालेला जांभा नरम असतो, हवेवर राहिला की कडक होत जातो. पुरवठादाराने ‘ताजा’ म्हणून पाठवलेला चिरा चांगला उन्हात तापलेला निघाला, म्हणून आता खाणीवरून स्वतः उचलतो आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. करवतीचं साधं पातं भिंती सरळ कापतं. ग्राइंडर कोणी कितीही सुचवला तरी नको: धूळ छातीत जाते आणि हादऱ्याने खिसे मोकळे होतात.

आता आनंदाची गोष्ट. चौकटीत वर-खाली गोल खोबणी पाडल्या, सागाच्या पट्टीची झडप बसवली, आणि ती फिरली! किती वेळ नुसती उघडझाप करत बसलो. मूळ गुहांच्या चौकटींतही अशाच खोबणी आहेत, आत कपड्यांना खुंट्या, दिव्याला दिवळ्या. लाकडी दार ओढून घेऊन माणसं इथे नांदली आहेत. बौद्ध भिक्खू वर्षावासात फिरती थांबवून पावसाळाभर एका जागी राहत. कान्हेरीच्या बेसाल्टात पाणी साठवायला पोढी, म्हणजे टाक्या, खोदल्या. आपल्या जांभ्यात प्रश्न उलटा, पाणी बाहेर ठेवायचा, कारण हा दगड झिरपतो. गोव्यातल्याच हरवळेच्या लेण्यांवर डोंगराचाच जांभा आहे. खांडेपारला मात्र वर कदंब राजवटीच्या शैलीचं टप्प्याटप्प्यांचं छत. ते शोभेचं की पाणी उतरवायचं?

हे लिहिता लिहिताच ठरवलं: छत अखंड कोरायचंच नाही. प्रत्येक टप्पा सुटा कापायचा, एकावर एक ठेवायचा. मग झारीने पाणी घालून आधी सपाट छत आणि नंतर टप्पे, दोन्हींत आतली भिंत कुठे ओली होते ते बघता येईल. मॉडेलवरचं पाणी खऱ्या पावसासारखं वागणार नाही, पण ते कुठल्या कडेवरून गळतं एवढं तरी कळेल. कमळ वेगळं, १:५ मध्ये. तिथे खिसे पाकळीपेक्षा लहान पडतील.

गोव्यातल्याच रिवणच्या गुहांचं काम तोवर बाजूला. खांडेपारच्या टप्प्यांची उंची कोणी टेपने मोजली असेल तर आकडे पाठवा. फोटोवरून काढलेली मापं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि नवा चिरा वाळायच्या आत कापायचा आहे.