लालबागची पतसंस्था आणि सेटिंगची एक ओळ

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात प्रोग्रामरांची एक सामायिक फाइल होती. कोणाला उपयुक्त वाटलेली स्क्रिप्ट, लॉगमधून नेमकी ओळ शोधणारी कमांड, सर्व्हरचा वेग वाढवणारी एखादी सेटिंग असे जे काही हाती लागे, ते प्रत्येक जण त्या फाइलमध्ये टाकत असे. नव्याने रुजू झालेल्या मुलांना ती फाइल म्हणजे मोठा आधार वाटायचा आणि तो रास्तच होता, कारण ज्या गोष्टी शिकायला एरवी वर्षे जातात, त्या तिथे एका ओळीत मिळत. २०१८ साली घडलेल्या ज्या प्रकरणाविषयी मी लिहीत आहे, त्याच्या मुळाशी याच फाइलमधली एक ओळ होती.

आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवत होतो. लालबागमधील एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट दिवसभर दुकानादुकानांतून रोजची बचत गोळा करत आणि संध्याकाळी संस्थेच्या कार्यालयात येऊन, तिथल्या वाय-फायवरून, आमच्या ॲपद्वारे दिवसाचा भरणा सर्व्हरवर चढवत. आम्ही सर्व्हर नवीन यंत्रावर हलवला आणि तक्रारी सुरू झाल्या. काही एजंटांचे ॲप नुसते फिरत राही, तर शेजारच्याच खुर्चीत बसलेल्या एजंटाचा भरणा क्षणात पूर्ण होई. कार्यालयातल्या विंडोजच्या संगणकांना काहीच अडचण नव्हती. ज्यांचे अडत होते त्यांनी वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा लावला की काम बहुधा होऊन जाई. अंधेरीत आम्ही चाचणीचा फोन घेऊन बसलो, तर सगळे सुरळीत! त्यामुळे पहिला संशय अर्थातच त्यांच्या राउटरवर गेला आणि तो बदलूनही झाला.

शेवटी आमच्या टीमलीड मॅडम म्हणाल्या, "इथे बसून अंदाज बांधण्यापेक्षा संध्याकाळी तिथे जाऊन बसा." म्हणून मी लालबागला गेलो. संस्थेच्या व्यवस्थापकांनी मला कोपऱ्यातले टेबल दिले, चहा मागवला आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या हेल्पडेस्कने सांगितल्याप्रमाणे आम्ही फोन बंद करून चालू करतो, पण त्याने उलट जास्तच अडतं." हे वाक्य मी वहीत लिहून घेतले. तक्रार करणाऱ्याने केलेले असे निरीक्षण गैरसमज समजून सोडून देण्याची आपल्या व्यवसायात सवय असते, आणि ती वाईट सवय आहे असे माझे ठाम मत आहे.

लॅपटॉपवरून सर्व्हरला जोडून मी टीसीपीडंप, म्हणजे नेटवर्कवरून येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे साधन, लावले. एका एजंटाला भरणा पाठवायला सांगितले. त्याच्या फोनकडून जोडणीची पहिली विनंती, म्हणजे सिन पॅकेट, सर्व्हरपर्यंत व्यवस्थित पोहोचलेले दिसले. उत्तर गेले नाही. एका सेकंदाने तेच पॅकेट पुन्हा आले, त्यानंतर दोन सेकंदांनी आणखी एकदा, मग चार सेकंदांनी, आणि सर्व्हर मात्र गप्पच. फायरवॉलने अडवले असते तर तिच्या नोंदीत दिसले असते. तिथे काही नव्हते. मग नेटस्टॅट या कमांडने सर्व्हरच्या जोडण्यांची एकत्रित आकडेवारी काढली. त्या लांबलचक यादीत टाइमस्टॅम्पमुळे, म्हणजे पॅकेटसोबत येणाऱ्या वेळेच्या आकड्यामुळे, नाकारलेल्या जोडण्यांचा एक आकडा असतो, ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही. एजंटाने प्रयत्न केला की तो आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता.

सर्व्हरच्या सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सेटिंग असलेल्या, फाइलमध्ये 'टीसीपी टीडब्ल्यू रिसायकल' ही सेटिंग १ केलेली सापडली. लिनक्समध्ये जोडणी बंद झाली, तरी बंद करणाऱ्या बाजूला ती ६० सेकंद टाइम-वेट अवस्थेत राहते, आणि गर्दीच्या सर्व्हरवर अशा हजारो जोडण्या साचलेल्या पाहून माणूस अस्वस्थ होतो. ही सेटिंग त्या लवकर मोकळ्या करते. मात्र त्यासाठी कर्नल प्रत्येक आयपी पत्त्याचा शेवटचा टाइमस्टॅम्प लक्षात ठेवतो आणि पुढचे मिनिटभर त्याच पत्त्यावरून त्याहून जुना टाइमस्टॅम्प असलेली नवी विनंती आली, तर ती मुकाट्याने टाकून देतो. एका पत्त्यामागे एकच यंत्र असेल तर हे ठीक आहे. लालबागच्या कार्यालयात एका राउटरच्या एकाच पत्त्यामागे सगळ्या एजंटांचे फोन होते, आणि त्या काळच्या अँड्रॉइड फोनांत हा टाइमस्टॅम्प फोन सुरू झाल्यापासून मोजला जाई. ज्याचा फोन कित्येक दिवस बंद झाला नव्हता त्याचा आकडा मोठा, म्हणून त्याचे काम होई. ज्याने नुकताच फोन बंद करून चालू केला त्याचा आकडा लहान, म्हणून तो हमखास अडे. व्यवस्थापकांचे निरीक्षण तंतोतंत बरोबर होते आणि आमच्या हेल्पडेस्कचा सल्ला दुखणे वाढवत होता. विंडोज आपणहून असा टाइमस्टॅम्प पाठवत नसल्यामुळे त्या संगणकांना झळ लागली नव्हती.

मी तिथूनच सेटिंग ० केली. खोळंबलेले भरणे एकामागून एक चढले.

ती ओळ आमच्या सामायिक फाइलमधून आली होती. जिने ती लिहिली, त्या सहकारी मुलीने ॲप्लिकेशन सर्व्हर आणि डेटाबेस यांच्यामधल्या, राउटरचा संबंध नसलेल्या अंतर्गत नेटवर्कसाठी ती वापरली होती, आणि तिथे ती तिला उपयोगी पडली होती. फाइलमध्ये मात्र वर 'टाइम-वेट कमी करण्यासाठी' एवढेच शब्द होते. कुठे वापरावी, कुठे टाळावी, कोणत्या कर्नलवर पडताळली, यातले काहीच ओळीसोबत आले नाही. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये ही सेटिंग राउटरमागच्या यंत्रांना त्रास देते असे स्पष्ट लिहिलेले होते, आणि २०१७ सालच्या ४.१२ कर्नलमधून ती काढूनही टाकली गेली. आमच्या सर्व्हरवरचे लिनक्स, सेंटओएस ७, मात्र ३.१० कर्नलवर होते, म्हणून ती तिथे जिवंत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती फाइलच बंद करावी अशी सूचना आली. मी तिला कडाडून विरोध केला. फाइल बंद झाली असती, तर मुलांनी त्याच ओळी इतरत्र शोधून, याहून कमी माहितीनिशी उचलल्या असत्या. मॅडमना ते पटले. ती ओळ आम्ही खोडली नाही; तिच्याखाली लालबागचा सगळा प्रकार, टीसीपीडंपच्या नोंदीसह, लिहून ठेवला.

मग मी आणि ती सहकारी बाकीच्या ओळी तपासायला बसलो. 'स्वॅपिनेस ०' ही ओळ तिने बोट ठेवून दाखवली. जुन्या कर्नलमध्ये तिचा अर्थ स्वॅप, म्हणजे मेमरीतला मजकूर तात्पुरता डिस्कवर हलवणे, शक्यतो टाळा असा होता; ३.५ पासून तो इतका कडक झाला की मेमरी भरत आली तरी स्वॅप जवळजवळ होतच नाही आणि कर्नल प्रोसेसच मारून टाकण्याची शक्यता वाढते. आमच्या डेटाबेसच्या सर्व्हरवर हीच ओळ होती. तिने ० चा १ केला आणि कारण, कर्नलची आवृत्ती व मूळ किंमत परत आणण्याची कमांड शेजारी लिहून मगच पुढच्या ओळीकडे वळली.